वहिनीच्या हातचं अपडेट

माझा दादा बस चालवायचा आणि बोलायचा. यातली नोकरी कोणती आणि हौस कोणती, हे त्याच्या प्रवाशांनाही नीट सांगता आलं नसतं. स्टॉपवर उतरणाऱ्या म्हाताऱ्यांची तो चौकशी करायचा, शाळेतल्या मुलांना कोडी घालायचा आणि घरी आला की दिवसभरात भेटलेल्या माणसांची नक्कल करून दाखवायचा. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की जेवण ताटात गार व्हायचं.

वहिनी त्याच्या अगदी उलट. ती कपडे शिवते. घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारी एक खोली आहे, तेच तिचं दुकान. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, झिजलेल्या चेनी बदलणं, हे तिचं काम. ओठांत टाचण्या धरून शिवायची सवय असल्यामुळे ती फार बोलायचीच नाही. दादा म्हणायचा, घराला शब्दांचा कोटा एकच मिळालाय, हिच्या वाटचेही मीच खर्च करतो.

त्याच दादाची जीभ जड व्हायला लागली. आधी स्टॉपची नावं तोंडात घोळायला लागली. एका प्रवाशानं तक्रार केली, की ड्रायव्हर पिऊन गाडी चालवतो. ज्याला खोकल्याच्या औषधाच्या वासानंही मळमळायचं, त्याला या तक्रारीचं इतकं हसू आलं, की त्या दिवशी आम्हीही हसलो. पुढे तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मावळत जातात असा हा आजार आहे. जीभ गेली, मग हात गेले, पाय गेले, मानही आधाराशिवाय राहीना. डोळे मात्र शाबूत होते, आणि त्या डोळ्यांमागे आमचा दादा जसाच्या तसा होता.

रुग्णालयात वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या ओळखीनं एका संस्थेकडून दादासाठी कॉम्प्युटर मिळाला. पलंगापाशी एका स्टँडवर त्याचा पडदा, आणि पडद्याच्या खालच्या कडेला पट्टीसारखा एक कॅमेरा. दादा कुठल्या अक्षराकडे बघतोय हे तो कॅमेरा टिपायचा. अक्षरावर नजर क्षणभर ठरली की ते उमटायचं, वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं बोलून दाखवायचा. आवाज एखाद्या बातम्या देणाऱ्या गृहस्थासारखा होता, सपाट आणि नको तितका शुद्ध. दादाचं पहिलं वाक्य आम्ही कान टवकारून ऐकलं. तो म्हणाला, "माझ्या नाकावर माशी बसली आहे, कोणीतरी हाकला."

वहिनीला त्या यंत्राची धास्ती वाटायची. धूळ पुसतानासुद्धा ती लांबून फडकं फिरवायची. बटणं दाबायची वेळ आली की मला हाक मारायची, कारण मी एका कचेरीत टायपिंगचं काम करते, तेव्हा मला सगळं कळत असणार असा तिचा समज. मला टाइप करता येतं, एवढंच मला येतं.

मग एका संध्याकाळी त्या दोघांचं वाजलं. वहिनीनं दुकान बंद करायचं ठरवलं होतं. दिवसभर दादापाशी कुणीतरी हवं, मी दुपारपर्यंत कचेरीत, तेव्हा शिवणकाम सोडून आपणच वर बसावं हा तिचा हिशेब. दादाला तो साफ नामंजूर. मी दारातच उभी होते. यंत्रातून भांडायला वेळ लागतो. वहिनी आपलं म्हणणं मांडून मोकळी व्हायची आणि मग दादाचे डोळे अक्षरामागून अक्षर वेचत राहायचे. तिलाही तेवढा वेळ रागावून उभं राहावं लागायचं, आणि ते काही सोपं नाही.

दादानं लिहिलं होतं, "तू माझ्यासाठी". तेवढ्यात पडदा निळा झाला. अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, असं लिहून आलं आणि एक पांढरं चक्र गरगरत राहिलं. आम्ही तिघंही त्या चक्राकडे बघत बसलो. कॉम्प्युटर परत चालू झाला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, फक्त दादानं कितीही बघितलं तरी एक अक्षर उमटेना. कॅमेऱ्यातले बारीक लाल दिवे विझले होते.

आमच्याकडे जुना अक्षरांचा तक्ता होता. आपण बोटानं अक्षर दाखवायचं, बरोबर असेल तर दादा पापणी मिटणार. वहिनीनं तो काढला, समोर धरला. दादानं डोळेच मिटून घेतले. हा त्याचा रुसवा. चालता माणूस उठून बाहेर तरी जातो, याला फक्त पापण्या होत्या.

वहिनीनं संस्थेच्या माणसाला फोन लावला. हा माणूस त्यांची सगळी यंत्रं दुरुस्त करायचा. काहीही विचारा, त्याचं उत्तर "सोपंय" या शब्दानं सुरू व्हायचं, म्हणून दादानं त्याचं नावच सोपंय ठेवलं होतं. सोपंयनं दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "ताई, ड्रायव्हर गेलाय."

वहिनीचा चेहरा उतरला. तिनं पलंगाकडे बघितलं आणि फोनमध्ये हळूच म्हणाली, "नाही हो भाऊ, आहेत. डोळे मिटून पडलेत फक्त."

मग त्या बापड्यानं समजावलं, की कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांची भाषा वेगळी असते, दोघांत निरोप पोचवणारी एक छोटी व्यवस्था असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. मोठं अपडेट आलं, त्यानं या कॅमेऱ्यासाठी खास केलेला ड्रायव्हर काढून स्वतःकडचा साधा बसवला, आणि त्याला हा कॅमेरा ओळखताच येत नाही. मी हे मोठ्यानं दादाला सांगितलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते, पण पापण्या थरथरल्या. तो हसत होता.

सोपंय दुसऱ्या गावी होता, दोन दिवसांनी आला असता. वहिनी म्हणाली, दोन दिवस हे गप्प राहू शकत नाहीत, तुम्ही सांगा, मी करते. मी पुढे सरले, तर तिनं मला बाजूला केलं. माउस तिनं असा धरला, जसा काही तो चावेल. फोनवरून सोपंय सांगत होता, ती करत होती. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. त्यात कॅमेऱ्याच्या नावापुढे बिघाडाचा पिवळा त्रिकोण होता. त्यावर जायचं, ड्रायव्हरचं पान उघडायचं आणि आधीचा ड्रायव्हर परत आणण्याचं बटण दाबायचं. ते बटण दाबण्याआधी तिनं उगाच हात पदराला पुसले. मग लाल दिवे लागले. पडद्यावर ठिपके फिरायला लागले, त्यांच्यामागे नजर फिरवून कॅमेऱ्याला डोळ्यांची ओळख करून द्यायची असते. "अहो, बघा ना," वहिनी म्हणाली, आणि दादानं डोळे उघडले.

त्या अर्धवट वाक्याचं पुढे काय, म्हणून आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे, म्हणजे पडद्याकडे, बघत राहिलो. दादानं सावकाश लिहिलं, "मघाशी काय म्हणत होतो ते विसरलो."

तो विसरला नव्हता. वहिनीलाही ते ठाऊक होतं. पण तिनं दुकान बंद केलं नाही. त्या आठवड्यात एक शिवणयंत्र आम्ही वर आणून दादाच्या पलंगासमोरच्या खिडकीशी मांडलं. गिऱ्हाईक खाली आलं की घंटी वाजवायचं. दादा तिच्या शिवणावर पडल्या पडल्या शेरे मारायचा, बाही वाकडी आहे म्हणायचा. त्याला इकडची बाही तिकडे कळत नव्हती.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वहिनीनं सोपंयकडून सगळी अपडेट बंद करून घेतली. तो म्हणाला, तात्पुरती करतो, कायमची बंद ठेवणं चांगलं नाही, सुरक्षेतली भोकं बुजवायची राहून जातात. वहिनीनं मान डोलावली आणि ऐकलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची सूचना यायची, तिला वहिनी दारावरच्या विक्रेत्याला वाटेला लावावं तशी वाटेला लावायची. आज नको, पुढच्या वेळी या.

असं बरेच महिने चाललं. मग दादाचा उजवा डोळा थकायला लागला. पापणी अर्धी खाली यायची, कॅमेरा गोंधळायचा आणि भलतीच अक्षरं उमटायची. दादा पाणी मागायला जायचा आणि यंत्र म्हणायचं पाटी. आधी आम्ही हसलो. पुढे तो एका वाक्यासाठी इतका शिणायला लागला, की बोलणंच कमी करू लागला. दादा आणि कमी बोलणं. वहिनी त्या काळात रात्रंदिवस शिवत होती, कारण तिला खोलीत कसला तरी आवाज हवा होता.

वाचा-उपचारवाल्या बाई म्हणाल्या, एकाच डोळ्यावर चालणारा नवा प्रोग्राम आलाय, कॅमेरा हाच चालेल. फक्त तो नव्या सिस्टिमवरच बसतो. तुमचा कॉम्प्युटर फार मागे राहिलाय.

वहिनी म्हणाली, नको. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं नाही. पुन्हा सगळं बंद पडलं तर? आहे तेवढं तरी राहू दे. ती हे स्वयंपाकघरात मला सांगत होती, पण दार उघडं होतं. बाहेरून तो बातम्यांचा आवाज आला, एकेक शब्द थांबत थांबत. चुकीची अक्षरं पुसत दादानं किती वेळ घेतला असेल कोण जाणे. तो म्हणाला, "आवाज माझा आहे. मला विचार."

वहिनी हातातलं भांडं तसंच घेऊन बाहेर गेली आणि त्याच्यापाशी बसली. त्याच्याशी बोलायचं सोडून आपण त्याच्याबद्दल बोलत होतो, हे दोघींच्याही ध्यानात आलं होतं. तिनं सरळ विचारलं, "करू का?" दादानं लगेच पापणी मिटली. मग त्यानं सवडीनं लिहिलं, की गाडी ब्रेक तपासायला उभी केली की प्रवासी ओरडतातच, म्हणून ड्रायव्हरनं न तपासता पळवायची नसते. आणि खाली जोडलं, हा ड्रायव्हर म्हणजे मी, यंत्रातला नव्हे.

यावेळी वहिनीनं घाई केली नाही. कापड बेतल्याशिवाय ती कधी कात्री लावत नाही. सोपंयला तिनं खोदून खोदून विचारलं, आधी काय, मग काय, बिघडलं तर मागे कसं यायचं. दादानं साठवून ठेवलेली वाक्यं होती, रोजची मागणी, ठरलेले विनोद, माझ्यावरचे टोमणे, त्या सगळ्याची प्रत वेगळी काढली. आहे त्या स्थितीची एक खूण कॉम्प्युटरमध्ये राखून ठेवली, म्हणजे गरज पडली तर तिथवर परतता येतं. कॅमेऱ्याचा, आवाजाचा, पडद्याचा असे नवे ड्रायव्हर ज्याच्या त्याच्या कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर घेतले. लाइट गेली तरी कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून खालच्या दुकानातली बॅटरी वर आणली. रविवारची सकाळ ठरली, कारण मी घरी असणार होते आणि सोपंयही येणार होता.

सुरू करण्याआधी दादा म्हणाला, "आता मी गप्प बसतो. आयुष्यात पहिल्यांदाच. नीट बघून घ्या."

पडदा निळा झाला. आकडा वाढत गेला, कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला, पुन्हा वाढत गेला आणि ऐंशीच्या पुढे कुठंतरी येऊन जो अडकला तो हलेना. सोपंय म्हणाला, सोपंय, थांबायचं, बंद करायचं नाही. पण त्यानंही दोनदा चष्मा पुसला. वहिनी पडद्याकडे पाठ करून बसली. कोमट पाण्याची वाटी घेऊन तिनं दादाची दाढी केली, मिशी कातरली, एकेक बोट उघडून तळवे पुसले. त्याला सांगत होती, की खालच्या बेकरीवाल्यानं मुलीच्या खोलीसाठी पिवळे पडदे सांगितलेत आणि बायकोला निळे हवेत, आणि दोघंही वेगवेगळे येऊन मला पटवून जातात. मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घरचा कोटा ती वापरत होती.

आकडा सरकला. कॉम्प्युटर उठला. कॅमेऱ्याचा नवा ड्रायव्हर बसवला, लाल दिवे लागले, नवा प्रोग्राम चढला. ठिपका फिरला आणि दादाचा डावा डोळा त्याच्यामागे फिरला. अक्षरं उमटायला लागली, एकही चूक नाही. वाक्य पुरं झालं. आणि आवाज आलाच नाही.

सोपंयला तेवढ्यात दुसऱ्या घरून फोन आला होता, तो गॅलरीत बोलत होता. मी पलंगाच्या पलीकडच्या बाजूला होते, मला पडदा तिरपा दिसत होता. दादानं लिहिलं होतं, "आवाज गेला का? बरं झालं." मग तो पुढे लिहीत राहिला. वहिनी पुढे वाकून वाचत होती. दोन ओळींनंतर मी नजर काढून घेतली आणि उगाच खिडकीच्या पडद्याची कड सरळ करायला गेले. त्यानं काय लिहिलं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही. नवरा-बायकोत बोलायचं ते इतके दिवस तो बातम्यांच्या आवाजात, नणंद ऐकत असताना बोलत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मी वळले तेव्हा वहिनीनं डोळे पुसले होते आणि ती उपकरणांच्या यादीत होती. आवाजाच्या ओळीपुढे पिवळा त्रिकोण होता. तिनं पेन ड्राइव्ह लावला, बरोबर फाइल शोधली, बसवली, कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केला. सोपंय आत आला तेव्हा दादा त्याला म्हणाला, "या, सोपंय. सोपं काम आटोपलं." त्या माणसाला आपलं टोपणनाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याला ते आवडलं असावं, कारण पुढे तो फोनवर स्वतःच तेच सांगायचा.

दादा त्यानंतर आणखी दोन वर्षं आमच्यात होता आणि बोलत होता. वहिनीनं पुन्हा अपडेट कधी टाळलं नाही. दादाची दुपारची झोप ही तिची वेळ. त्याला आदल्या दिवशी विचारायचं, प्रती काढायच्या, मग लावायचं. कधी काही अडलं तर सोपंयला फोन, कधी तोच तिला विचारायचा, की ताई, तुमच्याकडे नव्या अपडेटनं कॅमेरा नीट चालतोय ना, मग बाकीच्यांकडे लावतो. दादा थंडीच्या अखेरीस, छातीत कफ होऊन, आठवडाभरात गेला. शेवटच्या दिवशी यंत्र बाजूला सारलेलं होतं. वहिनी हात धरून बसली होती, आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

यंत्र संस्थेचं होतं, परत द्यायचं होतं. सोपंय म्हणाला, मी येऊन सगळं पुसून कोरं करतो, तुम्ही त्रास घेऊ नका. वहिनी म्हणाली, मीच करते. मी तिच्या शेजारी बसले. साठवलेल्या वाक्यांची यादी एकदा वर-खाली केली, तर मी रडायला लागले. माझ्यावरचे टोमणेच जास्त होते. मी विचारलं, "वहिनी, याची प्रत ठेवायची ना?"

"ठेव तू," ती म्हणाली. "मला पाठ आहेत."

मग तिनं सगळं पुसून नवी सिस्टिम बसवली, तोपर्यंतची सगळी अपडेट लावली, एकेक ड्रायव्हर तपासला. यादीत कुठंही पिवळं काही उरलं नाही, तेव्हा तिनं पडदा फडक्यानं पुसला. यावेळी लांबून नाही, चांगला दाबून, कोपऱ्यांसकट.

ते यंत्र एका निवृत्त पोस्टमनकडे गेलं. बसवून द्यायला सोपंय निघाला, तेव्हा त्यानं वहिनीलाही बोलावलं. मीही गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, औषधांच्या बाटल्यांनी भरलेलं कपाट, आणि खुर्चीत उशांच्या आधारानं बसवलेले गृहस्थ. त्यांची सून यंत्राकडे अशी बघत होती, जशी एके काळी वहिनी बघायची. तिनं सगळे प्रश्न सोपंयला विचारले आणि शेवटचा, हळू आवाजात, वहिनीला विचारला, की आपोआप काही झालं आणि बंद पडलं तर?

"पडेल कधीतरी," वहिनी म्हणाली. "मला फोन करा. पण एक सांगते. अपडेट लावायच्या आधी यांना विचारायचं. आवाज यांचा आहे."

सुनेनं सासऱ्यांकडे बघितलं. ठिपके फिरून झाले, अक्षरांची पाटी समोर आली. पोस्टमनांची नजर चाचपडली, चुकली, परत आली. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. किती महिन्यांनी ते काही बोलणार होते, आणि सुनेच्या डोळ्यांत आधीच पाणी होतं.

"पंखा बंद करा," ते म्हणाले. "कधीपासून थंडी वाजतेय."

सून धावत बटणाकडे गेली. वहिनीनं खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलली आणि त्यांच्या खांद्यांवर नीट ओढून दिली.